पहिलेपणाची हौस

पुणेकराला कशातही पहिलं असण्याची हौस, आणि पुणे महापालिका शेवटी पुणेकरांचीच. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, इथली, 2006 सालची. रोखेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2015 मध्ये नवे नियम केल्यानंतर बाजारात उतरून 200 कोटींचे रोखे विकणारी पहिली महापालिका हीच, जून 2017 मध्ये. कचरावेचकांच्या ओळखपत्राला मान्यता देण्यात, अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवण्यात पुण्याचं नाव पुढेच घेतलं जातं. स्मार्ट सिटीच्या कामांचा नारळ 25 जून 2016 ला पंतप्रधानांनी फोडला, तोही बालेवाडीत.

खोटं कशाला बोला, ही यादी वाचून मलाही बरं वाटतं. पण उद्घाटनाची कात्रणं जपायची मला सवय आहे, आणि ती चार-पाच वर्षांनी पुन्हा काढून बघायची त्याहून वाईट सवय आहे. तेव्हा लक्षात येतं, की प्रयोग सुरू करायला आपल्याकडे कल्पना, पैसा, अधिकारी सगळं मिळतं. सुरू झालेल्या प्रयोगात काय चुकतंय ते रोज बघून तो वळणावर आणणारं मात्र कुणी नसतं. आयुक्त बहुतेक वेळा तीन वर्षं पुरी व्हायच्या आत बदलून जातात, नव्याला स्वतःचा नारळ फोडायचा असतो, आणि आधीच्याचं काय झालं हे विचारणं म्हणजे उगाच कटकट. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ म्हणून टाकलेला दुभाजक वर्षानुवर्षं तसाच उभा राहतो. प्रयोग जमला की फसला, हे बिचाऱ्या दुभाजकालाही ठाऊक नसतं.

बीआरटीचंच घ्या. कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्ग डिसेंबर 2006 मध्ये सुरू झाला. बोगोटा शहराने 2000 साली जे करून दाखवलं तेच इथे करायचं होतं: बसला स्वतःची मार्गिका, रस्त्याच्या मधोमध, म्हणजे ती कोंडीत सापडणार नाही. सातारा रस्त्यावर मार्गिका झालीही. पण बस मधोमध आणि प्रवासी कडेला, हे गणित कागदावर सुटलं तसं रस्त्यावर सुटेना. पदर खोचून, पिशवी छातीशी धरून, दुचाक्यांच्या लोंढ्यातून थांब्याकडे पळणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. मार्गिकेत आधी रिक्षा शिरल्या, मग दुचाक्या, मग शेजारच्या रांगेत कंटाळलेल्या मोटारी.

यातलं काहीच न सुटणारं नव्हतं. अहमदाबादची जनमार्ग 2009 मध्ये सुरू झाली तेव्हा पुण्यात काय काय चुकलं हे या विषयातल्या सगळ्यांना पाठ होतं, आणि त्यांनी त्याचा फायदा घेतला. आपल्या चुकांवरून दुसरा शिकला, आपण शिकलो नाही, कारण शिकायचं कुणी हेच ठरलेलं नव्हतं. रस्ता महापालिकेच्या पथ विभागाचा. बस आधी महापालिकेच्या पीएमटीची, 2007 मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र झाल्यावर पीएमपीएमएल या कंपनीची. चौकातला पोलीस गृहखात्याचा. मार्गिकेत मोटार घुसली तर ती कुणाची डोकेदुखी? पीएमपी प्रवासी मंच निष्ठेने पत्रं लिहीत आला, पण बसच्या रांगेत उभा असलेला माणूस बस आली की चढून निघून जातो. भांडायला थांबला तर कामावर खाडा पडतो. पुढे 2015-16 मध्ये ‘रेनबो’ या नावाने दुसरा डाव मांडला गेला, आणि 2023 मध्ये नगर रस्त्यावरची बीआरटी उखडायला सुरुवात झाली. सुरू करताना समारंभ होता. उखडताना जेसीबी होता.

कचऱ्याची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे, आणि ती मला जास्त जवळची आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण या कार्यकर्त्या कचरावेचकांच्या वस्त्यांत गेल्या त्या अक्षरओळख करून द्यायला. पहाटे उकिरड्यावर जाऊन दुपारी भंगारवाल्याच्या काट्यापुढे उभ्या राहणाऱ्या बायकांना अक्षरांआधी दुसरंच काहीतरी हवं आहे, हे त्यांना लवकर कळलं. 1993 मध्ये डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमालांची पंचायत बांधल्याचा अनुभव बाबांच्या गाठीशी होताच. संघटनेच्या सुरुवातीच्या मागण्यांत ओळखपत्र होतं. भल्या पहाटे पाठीवर पोतं घेऊन फिरणाऱ्या बाईला कुणीही चोर म्हणावं, कुणीही चौकीवर न्यावं, अशी गत होती; खिशातला शिक्क्याचा कागद तिथे उपयोगी पडतो. 1996 च्या सुमारास महापालिकेने या ओळखपत्रांना मान्यता दिली. 2002-03 मध्ये कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा भार उचलला. हा दयेचा मामला नव्हता. या बायका जेवढं वेचून नेतात तेवढा कचरा महापालिकेला उचलावा, वाहावा लागत नाही, आणि त्यात शहराचे किती पैसे वाचतात, याचा हिशेब संघटनेने आकड्यांनिशी समोर ठेवला होता.

मग केंद्र सरकारचे 2000 सालचे घनकचऱ्याचे नियम आले. दारोदार जाऊन कचरा घ्या, ओला-सुका वेगळा करा. बऱ्याच शहरांनी ठेकेदार नेमले आणि हात झटकले. पुण्यात संघटना म्हणाली, दारोदार आम्हीच जातो की. काही भागांत करून पाहिलं. 2007 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदली गेली, 2008 मध्ये महापालिकेशी करार झाला. महापालिकेने ढकलगाड्या, हातमोजे, गणवेश आणि देखरेखीचा खर्च द्यायचा. घरटी सेवाशुल्क कचरा नेणारीने स्वतः गोळा करायचं. सुक्या कचऱ्यातून विकलं जाईल ते तिचं.

या करारातली खरी हुशारी शेवटच्या अटीत आहे. ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात तिथे कचऱ्याचं वजन वाढणं त्याच्या फायद्याचं. ओलं-सुकं एकत्र झालं, त्यात चार विटा आणि थोडा राडारोडा पडला, तरी त्याचं काय जातं? स्वच्छच्या बाईचं मात्र नेमकं उलट. तिने पुठ्ठा, रद्दी, बाटली जितकी बाजूला काढावी तितकी तिची कमाई वाढते आणि तितकाच गाडीत जाणारा माल घटतो. वर्गीकरण करा म्हणून तिच्यामागे निरीक्षक लावावा लागत नाही. एवढा साधा विचार कुठल्याही नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर दिसत नाही.

आमच्या सोसायटीत येणाऱ्या मावशी सकाळी पार्किंगच्या कोपऱ्यात चादर अंथरून बसतात. पुठ्ठा एका बाजूला, पत्रा दुसरीकडे, काच वेगळ्या पोत्यात, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. हात इतके भरभर चालतात की बघणाऱ्याचे डोळे मागे पडतात. एकदा त्यांनी वेफर्सचं पाकीट उलटं करून मला दाखवलं. “ताई, ह्याला कुणी रुपया देत नाही. आतून चांदी, भाव मातीचा.” दुधाच्या पिशवीबद्दलही त्यांचं एक म्हणणं होतं: “टोक कापून टाकू नका. चीर द्या, तुकडा लटकता राहू द्या. तो बारका तुकडा हाताला लागत नाही, ओल्यात जातो.” त्याच आठवड्यात हे सोसायटीच्या फलकावर लागलं. धोरण म्हणायचं तर हेही धोरणच. फक्त त्याला सल्लागार नेमला नव्हता.

त्यांचा पुढचा सगळा दिवस ओला कचरा घेणाऱ्या गाडीवर अवलंबून असतो. गाडी ज्या कोपऱ्यावर येते त्याला ‘फीडर पॉइंट’ म्हणतात. गाडी लवकर आली तर शेवटची इमारत राहते, उशिरा आली तर कचरा घेऊन उन्हात उभं राहायचं आणि रहिवाशांची बोलणी खायची. मग आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाईच्या चौकीवर, जाऊन मुकादमाशी वाद. वेळ बदलते, पुन्हा बिनसतं, पुन्हा कोठी. प्रशासनाच्या परिसंवादांत ज्याला परिस्थितीनुरूप बदलणारा कारभार म्हणतात, तो माझ्या मते या कोठीच्या दारात, वरच्या पट्टीतल्या आवाजात चालतो.

सॅनिटरी पॅडचा प्रश्नही असाच वर आला. वापरलेले पॅड हाताने वेगळे करणं किती किळसवाणं आणि आजाराला आमंत्रण देणारं आहे, हे वरच्या मजल्यावर कुणाला दिसत नव्हतं. कचरावेचकांनी आधी जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या करून विकल्या. 2013 मध्ये तर वापरलेल्या पॅडच्या गोण्या बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवल्या. या धिटाईला माझा दंडवत. 2016 च्या नव्या नियमांत उत्पादकांनी गुंडाळण्यासाठी वेष्टन द्यावं असं कलम आलं. त्यानंतर लाल ठिपक्याची मोहीम: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडायच्या आधीच कळतं. तेलखडू किंवा जुनी लिपस्टिकसुद्धा चालते. खर्च शून्य.

दुसऱ्या टोकाला उरुळी देवाची आणि फुरसुंगी. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोवर जाऊन पडत होता. डेपोला आगी लागत, विहिरींचं पाणी बिघडलं, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, एकदा नव्हे, अनेकदा. गाड्या अडल्या की दोन दिवसांत पेठांमध्ये ढीग साचत आणि चार दिवसांत महापालिकेला कचरा प्रक्रियेचं महत्त्व पटे. पुण्याने कचऱ्यात जी काही प्रगती केली तिचं श्रेय मी ज्या क्रमाने देते त्यात या गाड्या अडवणाऱ्यांचा नंबर फार वर आहे. ही दोन्ही गावं 2017 मध्ये महापालिकेत आली आणि 2024 मध्ये स्वतःची नगरपरिषद घेऊन बाहेर पडली. रागावून माहेरी गेलेली सून परत येते. ही गेली ती कायमची.

आणि एवढं सगळं चालत असूनही कराराची कथा ऐका. 2008 चा करार पाच वर्षांचा. तो संपल्यावर नवा व्हायला 2016 उजाडलं. तो डिसेंबर 2020 मध्ये, कोविडच्या वर्षात, संपला. टाळेबंदीत आपण दारं लावून बसलो होतो तेव्हा ह्याच बायका कचरा नेत होत्या. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांच्या मुदतवाढीवर काम. ज्या व्यवस्थेचं कौतुक करायला बाहेरच्या शहरांची शिष्टमंडळं येतात तिला स्वतःच्या शहरात पुढच्या महिन्याची खात्री नव्हती. तरी ती टिकली, कारण काम थांबलं तर संध्याकाळी चूल थांबते. असल्या टिकण्याचं कौतुक करावं की लाज वाटून घ्यावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नागरिकांच्या अंदाजपत्रकाचं मला जास्त वाईट वाटतं, कारण ते ना मेलं ना जगलं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने 1989 मध्ये हा प्रकार सुरू केला. पुण्याने 2006 मध्ये उचलला आणि अजून सोडलेला नाही, हे खरंच कौतुकाचं. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आवाहन येतं, क्षेत्रीय कार्यालयात किंवा संकेतस्थळावर अर्ज भरायचा, आपल्या भागातलं 5 लाखांच्या आतलं काम सुचवायचं. पदपथ, दिवे, बाकं, बसथांबा. पण पोर्तो अलेग्रेत लोक एका सभागृहात समोरासमोर बसून भांडत. खालच्या वस्तीतल्या बाईची गटार आधी की आमच्या गल्लीतला दिवा आधी, हे एकमेकांसमोर ठरे. आपल्याकडे प्रत्येक जण आपल्या घरात बसून आपला अर्ज भरतो. शेजाऱ्याने काय मागितलं, कुणालाच पत्ता नसतो. त्यामुळे मागणी होते ती बाकांची. (पुण्यात बाकांची टंचाई नाही. प्रत्येक बाकाच्या पाठीवर कुणा ना कुणा माननीयांचं नाव असतंच. आपण टेकलो की नाव झाकतं, हाच काय तो लोकशाहीचा विजय.) समोरासमोर बसण्याची सोयही कायद्यात आहे. 2009 मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली: मतदान केंद्रांच्या आसपासच्या मतदारांची सभा, खेड्यातल्या ग्रामसभेसारखी. मी तरी अशा सभेची नोटीस आजवर कुठे लागलेली पाहिलेली नाही.

मार्च 2022 मध्ये तर नगरसेवकांची मुख्य सभाच संपली. मुदत संपली, निवडणूक नाही, प्रशासक आले. जवळपास चार वर्षं या शहराला एकही नगरसेवक नव्हता. सुरुवातीला माझ्या ओळखीतल्या पुष्कळांना हायसं वाटलं. स यादीतली, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली, कामं नाहीत, वर्षाच्या शेवटी एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवण्याची घाई नाही, विषय दप्तरी दाखल करण्याचं राजकारण नाही. शिकलेल्या अधिकाऱ्याने शांतपणे शहर चालवावं, आणखी काय हवं? नगरसेवकांविषयी माझंही मत फार उदार नाही. पण नगरपालिकेत हरकत घेणारा माणूस लागतो. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय पुणे नगरपालिकेत आला, तेव्हा एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले. ठराव मंजूर झालाच. पण दीडशे वर्षं होत आली, आपल्या लक्षात राहिला आहे तो विरोध.

हरकत घेणारं कुणी नसलं की काय होतं ते सिंहगड रस्त्याच्या पलीकडे दिसलं. जून 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. हद्द पसरली आणि पुणे महापालिका क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठी झाली. त्यातल्या नांदेड, किरकटवाडी या गावांना विहिरीचं पाणी जात होतं, क्लोरीन टाकून, पण शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता. धरण हाकेच्या अंतरावर. जानेवारी 2025 मध्ये याच पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. हातापायांतली शक्ती जाते, काहींना श्वास घेता येत नाही, व्हेंटिलेटर लागतो. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. मग महापालिका धावली, घरोघर तपासणी, पाण्याचे नमुने, खासगी आरओ केंद्रांवर कारवाई. धावली हे मान्यच करायला हवं, आणि कोविडच्या वेळी बसलेली घडी कामाला आली असणार. पण विहिरीचं पाणी न गाळता नळाला येतंय हे तिथल्या प्रत्येक घराला आधीपासून माहीत होतं. ते मुख्य सभेत उभं राहून टेबल बडवून सांगणारा त्या गावांचा माणूस कधी निवडूनच आलेला नव्हता.

शेजारीच मिळकतकराचा मामला ठेवून बघा. स्वतः राहत असलेल्या घराला 1970 पासून 40 टक्के सवलत होती. ती काढली गेली, जुन्या पुण्याने गहजब केला, निवेदनं दिली, पुढाऱ्यांना गाठलं, आणि 2023 मध्ये सवलत परत आली. या सवलतीचा पीटी-3 अर्ज कसा भरायचा हे आज आमच्या कट्ट्यावरच्या आजोबांनाही तोंडपाठ आहे. म्हणजे महापालिका शिकत नाही असं कोण म्हणतं? ती ऐकू येईल तेवढंच शिकते, आणि काही आवाज तिच्या कानाच्या फार जवळ आहेत.

रोख्यांबद्दल एक राहिलंच. ते 200 कोटी समान पाणीपुरवठा योजनेसाठी काढले, 7.59 टक्के व्याजाने, आणि गुंतवणूकदारांच्या त्यावर उड्या पडल्या. ज्यांनी ते घेतले त्यांना सेबीच्या नियमाने महापालिकेचा जमाखर्च ठरलेल्या मुदतीत मिळतो. पत मानांकन घसरलं तर तेही कळतं. कर भरणाऱ्याला यातलं काही कुणी आपणहून कळवत नाही. सावकाराला हिशेब आणि मालकाला आवाहन, असा हा व्यवहार आहे.

जानेवारी 2026 मध्ये अखेर निवडणूक झाली, 165 नगरसेवक आले. चार वर्षांत काय काय प्रायोगिक म्हणून सुरू झालं त्याची नुसती यादी पहिल्या काही सभांत मागितली तरी पुष्कळ झालं. मागतील असं वाटत नाही. अंदाजपत्रकाचा हंगाम, नावाच्या पाट्या रंगवायच्या बाकी.

मी मात्र येत्या वर्षी नागरिकांचे अर्ज निघाले की बाक मागणार नाही. जिथे जिथे रस्त्यात काही तात्पुरतं उभं केलंय तिथे एक पाटी मागणार आहे: हे कधीपासून, कशासाठी, पुन्हा कधी बघणार, आणि नाही पटलं तर कुठल्या खोलीत कुणाला सांगायचं. 5 लाखांत अशा पुष्कळ पाट्या होतील. मावशींना ही कल्पना सांगितली तेव्हा त्या पोत्याचं तोंड बांधत होत्या. “पत्र्याची करायला सांगा ताई,” त्या म्हणाल्या. “उद्या काढून टाकली तर भाव तरी येईल.”